हातचा एक

मे महिन्यात भिंत पाडली, जिन्याची डावी बाजू उघडी झाली.
जूनमध्ये बाबांची उजवी बाजू गेली.

डुलूथमध्ये सगळं उतारावर.
रस्ते, अंगणं, फुटपाथकडे चाकं वळवून लावलेल्या गाड्या,
आणि सगळ्याच्या खाली सरोवर,
त्यात लोहखनिज भरून संथपणे निघालेली जहाजं.
त्यांतल्याच एकावर एकतीस वर्षं काढलेला माणूस
आता जिन्याखालच्या खोलीत खाटेवर,
आणि त्याची खोली, खिडकी, दुर्बीण
चौदा पायऱ्या वर.

बरंच झालं, सगळे म्हणाले, कठडा डावीकडेच व्हायचाय.
उजवीकडची जुनी दांडी गिलाव्याबरोबर कचऱ्यात गेली होती,
तिची कुणाला आठवणही झाली नाही.

लाकूड घरचंच. अंगणातला ॲश
हिरव्या भुंगेऱ्यानं वाळवला,
नगरपालिकेनं खोडावर केशरी फुली मारली.
पाडल्यावर डेल्मरनं त्याच्या फळ्या काढून
आपल्या शेडमध्ये दोन हिवाळे रचून ठेवल्या.
"सालीखालचं तेवढं खाल्लंय त्यानं," तो म्हणाला,
"आतलं लाकूड बघ."
बोटाच्या पेरानं ठोकलं. खणखणीत.

कागदावर जिन्याचा कल सदतीस अंश.
जिन्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.
शंभर वर्षांपूर्वीच्या सुतारानं (थंडी असेल, घाई असेल, दारू असेल)
दहावी पायरी अर्धा बोट उंच ठेवलेली.
म्हणून प्रत्येक दांडा वेगळा मोजायचा,
पेन्सिलीनं बुडाशी आकडा टाकायचा.
लाकूड हातचं राखून कापावं, हे मला माहीत होतं.
चौथा मी ओळीवरच कापला.
डेल्मर काही बोलला नाही. दुसरी पट्टी पुढे केली.

तपासनीस बाई आल्या, त्यांच्या पिशवीत चार इंचांचा चेंडू.
दोन दांड्यांमधून तो जाता कामा नये, बाळाचं डोकं अडकतं.
आमच्या घरात रांगणारं कुणी नाही.
तरी त्यांनी प्रत्येक फटीशी चेंडू टेकवून पाहिला,
वाकून, गुडघे दुखत असताना,
आणि चेंडू कुठूनच गेला नाही तेव्हा
मला उगाचच रडू आलं.

वरच्या मुठीचा आकार मात्र बाबांनी ठरवला.
वीतभर लांबीचे चार नमुने रंधून मी खाटेवर मांडले.
त्यांनी डाव्या हातानं एकेक धरला,
डोळे मिटून, दोराचा पीळ जोखावा तसा.
तिसरा परत दिला नाही.
रात्री उशाशी घेऊन झोपले.

मुख्य खांब फरशीखालच्या तुळईत मळसूत्रानं आवळला.
मी त्याला सगळं वजन टाकून लोंबकळले.
जवसाच्या तेलाचे तीन हात. घरभर तो वास,
खिडक्या उघड्या, धुक्याचा भोंगा.

रविवारी ते चढले.
डावा हात पुढे, पाय, मग दुसरा पाय ओढून.
सात मिनिटं.
वर पोचून दुर्बिणीला डोळा लावला, एका जहाजाचं नाव वाचलं,
चुकीचं वाचलं, दुरुस्त केलं.

मग त्यांना कॉफी हवी झाली, आणि आमच्या लक्षात आलं:
उतरताना डावा हात कोऱ्या भिंतीकडे.
आम्ही सगळी गणितं चढण्याची केली होती.
मी टेप काढून भिंत मोजायलाही लागले,
ॲशची एकही फळी उरली नव्हती तरी.

"सिर्का," अर्ध्या तोंडानं ते म्हणाले, "सरक."
आणि आमच्याकडे पाठ करायच्या ऐवजी
जिन्याकडेच पाठ केली.
जहाजावर शिडी अशीच उतरतात. तोंड वर, पाय मागे,
तोच कठडा, तोच हात.
हातचा एक.

दहाव्या पायरीवरून मागे टाकलेलं पाऊल
हवेत राहिलं,
अर्धा बोट शोधत.
मी डेल्मरकडे पाहिलं.
डेल्मर कठड्याकडे पाहत होता.